प्लॅस्टिकची वाटी

“फोटो नाहीत? मग तुम्ही समाजसेवा करता, हे आम्ही धरायचं कशावरून?”

महिला मंडळाच्या कचेरीत टेबलापलीकडे बसून उज्ज्वला मॅडमनी आईला हे विचारलं. मी आईशेजारी तिची फाईल मांडीवर घेऊन बसले होते. वीस वर्षं होत आली या गोष्टीला, पण तो प्रश्न आठवला की अजून माझी कानशिलं तापतात.

“दवाखान्यात विचारा,” आई म्हणाली. “कांबळे सिस्टर सांगतील. चार वर्षं झाली, मंगळवार-शुक्रवार चुकवला नाही मी.”

“अहो, परीक्षक काय दवाखान्यात जाणार आहेत का? या वर्षी स्टेजवर मोठा पडदा लावतोय आम्ही. केबलवर थेट जाणार आहे सगळं. पन्नासातले दहा गुण समाजसेवेचे, ते दिसल्याशिवाय कसे द्यायचे? या बघा बाकीच्यांनी कशा फायली आणल्यात.”

त्यांनी एक अल्बम उघडून पुढे सरकवला. कुठल्याशा झोपडपट्टीतलं फळवाटप होतं. एका केळ्याला पाच बायकांचे हात लागलेले आणि पाचही जणी कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. घेणारी म्हातारी तेवढी केळ्याकडे बघत होती.

“जळालेल्या बायकांचे फोटो काढत नसतात,” आई म्हणाली.

“मग मला शून्य मांडावं लागेल.”

“मांडा.”

आई उठली. तिच्यामागून मीही उठले, तर मॅडमनी मला खुणेनं थांबवलं आणि आई जिना उतरेपर्यंत वाट बघितली. “बाळ, तू शिकलेली आहेस. आई भोळी आहे तुझी. चालणं सुरेख, बोलणं सुरेख, दहा गुणांसाठी मुकुट घालवणार. एखादा फोटो तू आणून दे की. आईला कशाला सांगायचं? पडद्यावर बघून खूश होईल.”

मी मान हलवली. मला वाटलं, बाई चांगली आहे.

‘श्रीमती कृष्णाकाठ’ ही लग्न झालेल्या बायकांची सौंदर्यस्पर्धा आमच्या शहरात दर दिवाळीनंतर व्हायची. आईनं आधी दोनदा भाग घेतला होता. एकदा तिसरी आली, एकदा दुसरी. वयाची अट चाळिशीची, आणि आई फेब्रुवारीत चाळीस पुरी करणार होती. म्हणजे ही शेवटची संधी. आणि तिला तो मुकुट हवा होता. उगीच खोटं कशाला सांगू, तिनं कधी स्त्रीशक्ती वगैरे गप्पा मारल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “मला आवडतं गं. नटायला आवडतं, लोक बघतात ते आवडतं. त्यात चोरी कसली?”

तिचा सराव घरातच चालायचा. कुकर लावला की उंच टाचांच्या चपला घालून ती स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत चालायची. तीन शिट्ट्या होईपर्यंत सहा फेऱ्या व्हायच्या. धाकटी मिनू तिच्यामागून डोक्यावर पाटी ठेवून चालायची. पप्पा वीज मंडळातून आले की पेपर बाजूला धरून म्हणायचे, “जरा हळू, फरशी फुटंल.” पण त्यांनीच त्या चपला कोल्हापूरहून आणल्या होत्या.

आत्तीला मात्र हे सगळं जहर वाटायचं. पप्पांची ही थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज यायची. “पोरगी लग्नाला आली, आणि आई दंडाला पट्टा लावून फिरतीया,” हे तिचं ठरलेलं वाक्य.

“दंडाला नव्हे हो, खांद्याला,” आई पोळी उलटत म्हणायची.

“कुठं का असंना. त्या दवाखान्यातबी कशाला जातीस ते म्हायती हाय आम्हास्नी. जळक्या बायकांत गेलं की आपलं रूप उठून दिसतंय.”

मी हे ऐकलं तेव्हा हातातला पेला भिंतीवर फेकावा असं वाटलं होतं. आईनं फक्त गॅस बारीक केला. मी ठरवलं, या बाईच्या तोंडात मुकुटच कोंबायचा. आईनं जिंकायचंच. आईला जेवढी हौस होती तेवढा मला राग होता, आणि रागात माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटतं.

आता त्या वॉर्डाविषयी सांगायला हवं.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, लांब व्हरांड्याच्या टोकाला भाजलेल्या बायकांचा वॉर्ड होता. दहा खाटा. दहाही केसपेपरांवर एकच कारण लिहिलेलं असायचं : स्टोचा भडका. आमच्या भागातले स्टो मोठे शहाणे, ते फक्त सुनांवरच भडकायचे. सासूवर, दिरावर भडकलेला स्टो मी कधी ऐकला नाही. त्या बायकांचे हात बांधलेले असायचे, म्हणून त्यांना भरवायला कुणीतरी लागायचं. माहेरचे दोन दिवस येऊन जायचे, सासरचे कशाला येतील. आई मऊ भात, वरण, वर साजूक तूप असा डबा घेऊन जायची आणि एकेकीला भरवायची. सुट्टी असली की डबा धरायला मी बरोबर.

वॉर्डात शिरायच्या आधी व्हरांड्यात आईचा एक विधी असायचा. घड्याळ काढायचं. बांगड्या काढायच्या. कानातलं, मंगळसूत्र, सगळं रुमालात गुंडाळून पर्समध्ये. जेवण स्टीलच्या डब्यातून आणायचं, पण दाराबाहेरच ते प्लॅस्टिकच्या पिवळ्या वाटीत काढायचं, चमचाही प्लॅस्टिकचा. पहिल्यांदा मी विचारलं होतं, “का गं?”

“स्टीलमध्ये तोंड दिसतं,” आई म्हणाली होती. “आत आरसा नाही ठेवलेला. मग वाटीत कशाला दाखवायचं?”

वॉर्डात टीव्ही होता, कुणीतरी देणगी दिलेला. तो बंद असला की त्याच्या काळ्या काचेत खाटा दिसायच्या, म्हणून आईनं त्याला झालरीचं कापड शिवून घातलं होतं. लावायचा असला की आधी बटण, मग कापड वर. हे सगळं मला तोंडपाठ होतं. एवढं लक्षात ठेवा.

चार नंबरच्या खाटेवर मालन होती. चोवीस वर्षांची, नदीपलीकडच्या एका खेड्यातली. तीन महिने झाले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. ती आईशिवाय कुणाच्या हातचं नीट खायची नाही. आई नसेल त्या दिवशी सिस्टर चार घास कोंबायच्या, तेवढेच. प्रत्येक वेळी तिचा एकच प्रश्न.

“अक्का, तोंडाला लई न्हाई न्हवं झालं?”

आई कधी “नाही” म्हणाली नाही आणि कधी “हो” म्हणाली नाही. म्हणायची, “कातडी भरू दे. मग मी स्वतः आरसा आणीन. मी शेजारी बसेन, तुझ्या पाठीवर हात ठेवीन, मग बघ. तोवर कुणाचं ऐकायचं नाही.”

“आणशीला न्हवं?”

“घेऊन ठेवलाय.”

खरंच घेऊन ठेवला होता. झाकणाचा, गोल, तळहाताएवढा. तो आईच्या पावडरच्या डब्याशेजारी कागदात गुंडाळलेला असायचा आणि त्याला हात लावायची आम्हां दोघी बहिणींना बंदी होती.

फायनलच्या आधीच्या शुक्रवारी मी पप्पांचा रोलचा कॅमेरा दप्तरातून नेला. डबा आईच्या हातात दिला आणि “मैत्रीण भेटायचीय” म्हणून व्हरांड्यात थांबले. चार नंबरच्या खाटेला लागून खिडकी होती, दुपारचं ऊन तिच्यातून आत पडायचं. आई खाटेच्या कडेला बसली, पिवळी वाटी हातात. मालननं तिच्याकडे तोंड केलं आणि आ केला. मी सहा फोटो काढले. फ्लॅशची गरजच पडली नाही.

स्टुडिओतून ते धुऊन आणले तेव्हा मी ते रस्त्यातच उघडून बघितले. एकात आईचे डोळे मिटलेले, एकात केस पुढे आलेले, दोन हललेले, एकात हनुवटी जाड दिसत होती. सहावा मात्र देखणा आला होता. उन्हाची तिरीप आईच्या गालावर, मान जराशी कललेली, ओठांवर हसू. तोच मी निवडला आणि उज्ज्वला मॅडमच्या हातात नेऊन दिला.

त्यांनी तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. “याला म्हणतात फोटो. हॉल रडेल बघ.”

‘ही पेशंट कोण? तिला विचारलंय का?’ असं त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांना काही विचारलं नाही. हिशेब बरोबरीचा होता.

फायनल रविवारी दुपारी चारला होती. नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत आई तयार होत होती, मी तिच्या नऊवारीचा काष्टा नीट करत होते. जांभळी साडी, नथ, केसांत अबोली. माझी आई सुंदर होती. हे मी लेक म्हणून सांगत नाही, त्या खोलीतल्या बाकीच्या अकरा जणी तिच्याकडे चोरून बघत होत्या.

“वॉर्डातल्या सगळ्या बसल्यात म्हणे टीव्हीपुढं,” ती ओठ रंगवता रंगवता म्हणाली. “सिस्टरांनी फोन केलेला. मालननं खाट सरकवून घेतली अगदी पुढं. म्हणते, अक्कांचा मुकुट मला जवळनं बघायचाय.”

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “छान.”

पहिल्या दोन फेऱ्या आईनं लीलया मारल्या. टाळ्या तिलाच जास्त होत्या. चौथ्या रांगेत पप्पा, मिनू आणि हो, आत्तीसुद्धा येऊन बसली होती, नवं लुगडं नेसून. मग समाजसेवेची फेरी सुरू झाली. केळंवाल्या बाई झाल्या, शाळेला पंखे देणाऱ्या झाल्या. आई मधोमध येऊन उभी राहिली. निवेदक म्हणाला, “सौ. सुमेधा मगदूम यांनी आपलं काम तुम्हां-आम्हांपासून लपवून ठेवलं होतं. पण आम्ही ते शोधून काढलंय!”

पडदा उजळला.

बारा फुटी पडद्यावर डाव्या बाजूला माझी आई हसत होती. उजव्या बाजूला मालनचं तोंड होतं. उघडलेलं, घासासाठी पुढे केलेलं. मी तो फोटो दहादा बघितला होता, शपथेवर सांगते, आणि ते तोंड मी त्या क्षणी पहिल्यांदा बघितलं. भुवया नव्हत्या. एका बाजूचा ओठ गळ्याच्या कातडीला ओढला गेला होता. आणि तेच, तेवढंच, त्याच क्षणी वॉर्डातल्या टीव्हीवर होतं, आणि मालनची खाट सगळ्यांत पुढे होती.

हॉलमधल्या बायका “अगं आई गं” म्हणत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. निवेदक ओरडत होता, “हेच खरं सौंदर्य!”

आईनं वळून बघितलं. दोन पावलं चालत जाऊन तिनं त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

“बंद करा ते.”

लोकांना तो विनय वाटला. टाळ्या वाढल्या. पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहून डोळे पुसायला लागली, तिच्यामागून आणखी चार उभ्या राहिल्या.

“बंद करा म्हणते ना! केबल बंद करा, मेल्यांनो! तिकडं ती बघतीय!”

माइक किंचाळला. टाळ्या तरी थांबेनात. मला आजही कुठल्या गोष्टीची चीड येत असेल तर त्या टाळ्यांची. आईनं माइक खाली टाकला, नऊवारी वर खोचली आणि स्टेजवरून सरळ प्रेक्षकांतल्या वाटेनं दाराकडे धावत सुटली. मी मागून धावले. दारात उज्ज्वला मॅडम आडव्या आल्या. “सुमेधाताई, अहो, परीक्षकांनी दहापैकी दहा दिलेत तुम्हाला! आता जाऊ नका!”

आई थांबली. “फोटो कुणी दिला?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

आईही माझ्याकडे बघायला लागली. मारेल, शिव्या देईल असं वाटलं. तिच्या नथीचा मोती तेवढा थरथरत होता. मग ती बाहेर पडली आणि रिक्षात बसली. मी तिच्याशेजारी चढले, तर ती दुसरीकडे बघत बसली.

त्या दिवशी ती पहिल्यांदाच दागिन्यांसकट वॉर्डात शिरली. काढायला सुचलंच नाही. टीव्हीवर झालर घातलेली होती, आणि कांबळे सिस्टर दारातच रडत उभ्या होत्या. “मी बटण दाबेपर्यंत झालं हो मगदूमबाई. मला काय माहीत!”

मालन भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“मालन,” आई म्हणाली. “बाळा.”

“आरसा आणनार हुता न्हवं?” ती भिंतीलाच म्हणाली. “आनलासा की. लई मोटा आनलासा.”

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मालननं अंग झाडून तो टाकून दिला. तासभर आई तशीच बसून राहिली, जांभळ्या साडीत, अबोलीच्या गजऱ्यात, आणि मी दाराशी उभी. निघताना ती माझ्याशी बोलली, तेही बघितल्याशिवाय.

“उद्यापास्नं रोज तू यायचंस. हिला तू भरवायचंस. तुझ्या हातचं ती खाईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही.”

मुकुट केळंवाल्या बाईंना मिळाला. आत्तीनं घरी येऊन एवढंच म्हटलं, “जिंकलेला डाव उधळला.” पप्पा तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

मी रोज गेले. कॉलेज सुटलं की डबा घेऊन सायकलनं. घड्याळ काढायची, कानातलं काढायची, भात पिवळ्या वाटीत ओतायची, खाटेच्या कडेला बसायची. मालन दात घट्ट मिटून घ्यायची. ती भिंतीकडे, मी वाटीकडे. भात थंड होऊन त्यावरचं तूप गोठायचं, मग मी उठायची. मी गेल्यावर सिस्टर तिला काहीतरी पाजायच्या म्हणून ती जगत होती. घरी आई ताट वाढायची, पण बोलायची नाही. मिनूमार्फत निरोप चालायचे. मला आईचा राग यायचा, मालनचा यायचा, उज्ज्वला मॅडमचा तर इतका यायचा की रात्री दात खायची मी. स्वतःचा राग सगळ्यांत शेवटी आला, आणि तो अजून गेलेला नाही.

अकराव्या दिवशी मी नेहमीसारखा चमचा पुढे केला. मालन भिंतीकडून वळली.

“फोटो तू काढलास?”

“हो.”

“एकच?”

“सहा.”

“मग ह्योच का दिलास?”

मी वाटीतला भात चमच्यानं सारखा करत बसले. तिनं परत विचारलं. तिचा आवाज चढला होता, शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघायला लागली.

“आई चांगली आली होती त्यात,” मी म्हणाले.

“आनि मी?”

मी रडायला लागले.

“रडू नगंस!” ती ओरडली. “रडायचं न्हाई माज्याम्होरं! त्या म्हाताऱ्या सासऱ्यानं काडी वडली, त्यानं बघितलं न्हाई माज्याकडं. नवरा पायतानं घालून भाईर गेला, त्यानं बघितलं न्हाई. आनि तू कॅमेरा घिऊन सा बार बघितलंस, तरी तुला मी दिसलो न्हाई. अकरा दीस झालं, अजून वाटीतच बघालीस. वर बघ की!”

मी वर बघितलं. पडद्यावर क्षणभर दिसलं होतं ते तोंड आता हातभर अंतरावर होतं. ओढलेला ओठ, गुलाबी कातडी, आणि त्यात दोन अगदी धडधाकट, संतापलेले डोळे. मला मान खाली घालायची होती. ती मी घातली नाही.

“हां,” ती म्हणाली. “आता बघत बघत भरव. नजर हलली तर मी तोंड मिटनार.”

मी भरवलं. सगळी वाटी संपली. हनुवटीवर सांडलेलं तिनं मला पुसू दिलं. मी निघाले तेव्हा ती मागून म्हणाली, “ही प्लॅस्टिकची वाटी उद्या नगं. तुमी घरात जेवता तसली आन. स्टीलची.”

“आईनं नाही म्हटलंय.”

“अक्कांस्नी सांग, मालननं मागितलीया. एकदा लोकांनी दावलं. आता माजं मी बघनार.”

घरी आले तेव्हा आई ओट्याशी उभी होती. मी मिनूला हाक मारली नाही. सरळ आईलाच सांगितलं, मालन जेवली, आणि तिनं काय मागितलं तेही शब्दन् शब्द सांगितलं. आईनं फडताळातून एक वाटी काढली, उजेडात धरून बघितली आणि माझ्यापुढे आपटली.

“डाग आहेत हिला,” ती म्हणाली. अकरा दिवसांनंतरचे तिचे पहिले शब्द. राग तसाच होता आवाजात. “राखेनं घास. चांगली चकचकीत झाली पाहिजे.”